न लिहिलेल्या चोऱ्या

मी फास्ट टाइप करते म्हणून मला ते काम मिळालं, नाहीतर गुन्ह्यांशी माझा काय संबंध. कॉलेजचं दुसरं वर्ष, विषय स्टॅटिस्टिक्स, आणि आमच्या एका मॅडमना राज्यातल्या गुन्ह्यांचे वर्षावर्षाचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरून हवे होते. जिल्हा, वर्ष, खून, दुखापत, दरोडा, घरफोडी, साधी चोरी. सरकारी अहवालांचे गठ्ठे मी गोखिवऱ्याला घरी आणायचे आणि पप्पांनी सातिवलीतल्या त्यांच्या कंपनीतून जुना म्हणून आणलेल्या कॉम्प्युटरवर खटाखट मारत बसायचे. दोन हजार साल नुकतंच येऊन गेलं होतं. मॉनिटर तापला की त्यावर ओला फडका टाकावा असं आईचं मत होतं, त्यामुळे ती स्वयंपाकघरातून आली की मी आधी मॉनिटरच्या आडवी यायचे.

मॅडम कुठल्याही आकड्याकडे अशा बघायच्या, जशी आई भाजीवाल्याच्या तराजूकडे बघते. त्यांचं म्हणणं साधं होतं. खुनाच्या आकड्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवावा, कारण प्रेत लपवणं कठीण. मारामारीवर थोडा कमी. आणि चोरीच्या आकड्याला आधी प्रश्न विचारावा, कारण चोरी झाली आणि कुणी सांगायलाच गेलं नाही तर ती कागदावर झालीच नाही. आणि नुसता आकडा बघायचा नाही, माणसं किती आहेत त्याने भागायचं. मला हे सगळं इतकं आवडलं होतं की मी जेवताना पप्पांना सांगायचे, आणि पप्पा म्हणायचे, भात खा.

मग एक दिवस मी आमच्या जिल्ह्याची रेघ काढली. हिंसेची रेघ वर चाललेली आणि घरफोडीची रेघ आरामात खाली. मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर नवीन बिल्डिंग, तिच्या मागे नवीन बिल्डिंग, दर महिन्याला कुणाचा तरी टेम्पो येऊन कपाटं उतरवतोय. माणसं एवढी वाढली आणि चोऱ्या कमी झाल्या? आमच्याच बिल्डिंगमध्ये त्या वर्षी पाण्याची मोटर गेली होती, तळमजल्यावरच्यांचा गॅस सिलिंडर गेला होता, गच्चीवरून वाळत घातलेल्या साड्या गेल्या होत्या. मला लगेच पोलिसांचा संशय आला. लिहूनच घेत नसणार हे लोक.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, संशय आहे ना, मग विचारून बघ. त्यांच्याकडे असे प्रश्न तयारच होते. वर्षभरात तुमचं काही चोरीला गेलं का, कुणी मारहाण केली का, पोलिसात सांगितलं का, नसेल तर का नाही, घर दिवसा किती वेळ बंद असतं, बंद असताना चावी कुठे असते. मी म्हटलं, हे तर मी उद्याच करते, आमच्याच बिल्डिंगपासून.

इथे चावीचं सांगायला हवं. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड यायचं आणि तेही भर दुपारी. बिल्डिंगमधली निम्मी घरं नवरा-बायको दोघंही मुंबईला नोकरीला जाणारी, सकाळी दार बंद ते थेट संध्याकाळी उघडणार. मग ड्रम भरणार कोण? माझी आई. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यांवर सगळ्यांच्या चाव्या लटकायच्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची लोकर. पाणी आलं की आई चाव्या घेऊन जिना चढायची, एकेक दार उघडून पाइप लावायची, भरलं की बंद करून पुढच्या घरी. कुणाची मुलं शाळेतून आली की चावी न्यायला आमच्याकडे. पप्पा तिला बिल्डिंगची मालकीण म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं हे ती लपवायची पण नाही.

तर मी विचारत सुटले. लोक एवढं बोलले की मला वाटलं मी कुणीतरी मोठी आहे. पापडीला माझ्या मैत्रिणीच्या घरीही जाऊन आले. तिची आजी म्हणाली की वाडीतून केळीचे घड जातात, पण ते आम्ही फादरना सांगतो, फादर रविवारी चर्चमध्ये मिस्साला बोलतात, आणि मग काही दिवस जात नाहीत. पोलीस कशाला, असं तिने मलाच उलट विचारलं. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये? पोलिसांनी कुणालाच परत पाठवलं नव्हतं. कारण कुणी गेलंच नव्हतं. सेक्रेटरी काकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बिल्डिंगचं नाव पोलिसात गेलं की फ्लॅटला गिऱ्हाईक येत नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. सिलिंडरवाल्या काकू तर म्हणाल्या, सिलिंडर परत घेता येतो, भाव पडला तर काय करायचं? म्हणजे ती खाली जाणारी रेघ आम्हीच ओढत होतो. मला सॉलिड आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी रात्रीच्या जेवणाला हे सांगितलं आणि पप्पा परत म्हणाले, भात खा.

आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे चोरी झाली. दिवसाढवळ्या. सोन्याच्या बांगड्या गेल्या आणि नवा मिक्सर गेला, मिक्सरची भांडी मात्र ओट्यावर तशीच. कुलूप तुटलेलं नव्हतं, कडी वाकलेली नव्हती. दार चावीने उघडलं होतं आणि चावीनेच परत बंद केलं होतं.

चोर आजपर्यंत सापडलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्या संध्याकाळी सगळी बिल्डिंग काकूंच्या दारात जमली आणि सगळे मिक्सरच्या भांड्यांवर बोलत होते. ओळखीचा असता तर भांडी नेली असती, कुणी म्हणालं. उलट ओळखीचा म्हणूनच ठेवली, दुसरं कुणी. आई पुढे होऊन सांगत होती की चावी खिळ्यावरच आहे, आत्ता बघून आले, पिवळी लोकर. आणि ती हे जसजसं सांगत गेली तसतसे लोक गप्प होत गेले. मग कुणीतरी माझ्याकडे बघितलं. मला कळायला एक क्षण लागला. घर किती वेळ बंद असतं आणि चावी कुठे असते, हे चार दिवसांपूर्वी दारोदार फिरून कोण विचारत होतं?

कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवशीपासून एकेक जण यायला लागलं. एकीचा भाचा राहायला येणार होता म्हणून तिला चावी हवी होती. एकाची दुसरी चावी हरवली होती. एक काकू तर नुसत्याच आल्या, चहा प्यायल्या, माझ्या अभ्यासाचं विचारलं आणि जाताना खिळ्यावरून आपली चावी काढून घेऊन गेल्या, जशी काही छत्री विसरली होती. आठवड्याभरात आमच्या दारामागे नुसते खिळे राहिले. पाणी आलं की आई सवयीने उठायची आणि परत बसायची. वरचे लोक संध्याकाळी कामावरून येऊन टँकरच्या रांगेत कळशा घेऊन उभे राहायला लागले, पण चावी कुणी परत आणली नाही.

घरातसुद्धा वातावरण बिघडलं. पप्पांनी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं की दुपारी तुझा डोळा लागला होता का, दार उघडं होतं का. आई म्हणाली, आता तुम्ही पण. आणि मी? मी मनात प्रत्येकाला तपासत होते. दूधवाला दारात येऊन उभा राहतो. सेक्रेटरी काकांना गच्चीची चावी आमच्याकडून लागते. तिसऱ्या मजल्यावरचा एकटा राहणारा मुलगा दुपारी घरी का असतो? आमच्या घरी त्या दुपारी कोण कोण आलं होतं ते मी आईला इतक्यांदा विचारलं की तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. एकदा तर ती ओट्याशी पाठमोरी उभी असताना माझ्या डोक्यात आलं की हिला काही आठवत असेल आणि ही सांगत नसेल. माझ्याच आईबद्दल. मॅडमनी शिकवलेलं सगळीकडे लागू पडतं की काय कुणास ठाऊक.

रविवारी गच्चीवर मीटिंग झाली. सेक्रेटरी काकांनी नवीन गेट, वॉचमन असं काहीबाही सांगितलं आणि शेवटी म्हणाले की झालेल्या प्रकाराबद्दल तक्रार करायची नाही असं ठरलंय. चोरी झालेल्या काकूंचे मिस्टर मान हलवत होते, काकू खाली बघत होत्या. मग सेक्रेटरी काका आईकडे वळले, अगदी प्रेमाने. "वहिनी, तुमच्यावर कुणाचाच संशय नाही. म्हणून तर पोलिसात जात नाही आहोत."

लोकांना वाटलं प्रकरण गोडीत मिटलं. आई उभी राहिली. ती मीटिंगमध्ये कधी बोलत नाही.

"संशय नाही तर माझ्या दारावरच्या चाव्या कुठे गेल्या?" ती म्हणाली. "तक्रार करा. त्यात माझं नाव घाला. पण करा. नाहीतर मी ह्या जिन्यावरून जन्मभर चोर म्हणून चढणार आणि उतरणार, आणि तुम्ही सगळे मला वहिनी म्हणणार."

तक्रार नाही म्हणजे चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणजे आई निर्दोष आहे हे कुणी कधी म्हणणारच नाही. मी एवढे आकडे मारले होते, पण न लिहिलेली चोरी कुणाच्या अंगावर पडते हा प्रश्न मला सुचला नव्हता.

सोमवारी आई मला घेऊन पोलीस स्टेशनला गेली. टेबलामागच्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, चोरी कुणाच्या घरी झाली? शेजाऱ्यांच्या. मग शेजाऱ्यांना घेऊन या, तुमचं काय गेलंय? घरी येऊन ती चप्पलसुद्धा न काढता थेट दुसऱ्या मजल्यावर गेली. काकू नुकत्याच ऑफिसमधून आलेल्या, पर्स खांद्यालाच. आई म्हणाली, मी जाऊन आले, त्यांना तू हवी आहेस. आतून मिस्टरांचा आवाज आला की आता पुरे करा, झालं ते झालं.

काकूंनी बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, रोज कुलूप उघडताना वाटतं आत कुणीतरी आहे. पाहुण्यांवर संशय, तुमच्यावर संशय, ह्यांच्या भावावर पण घेऊन झाला. दमले मी."

त्यांनी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली.

हवालदार तेच होते. काकूंनी सगळं सांगितलं, आणि हवालदारांनी आधी एक सोपा रस्ता सुचवला. गहाळ झाल्याचा दाखला घेता का, लगेच मिळेल, फेऱ्या नकोत. काकू जवळजवळ हो म्हणणार होत्या, मला दिसलं. मी टेबलाखालून आईचा हात दाबला, कारण मला माहीत होतं की गहाळ म्हटलं की ती चोरी राहत नाही, राज्याच्या कुठल्याच रेघेत येत नाही. आईला रेघेशी देणंघेणं नव्हतं.

"साहेब, मिक्सर गहाळ कसा होईल?" ती म्हणाली.

हवालदार हसले आणि त्यांनी दुसरा कागद ओढला. तारीख, वेळ, वस्तू, कुलपाची अवस्था. पेन थांबलं. "कोणावर संशय?"

काकूंनी आईकडे बघितलं. मला आजही सांगता येणार नाही त्या बघण्यात काय होतं. आईनेच तोंड उघडलं. चावी माझ्याकडे होती ते लिहा, असं ती म्हणाली. हवालदारांनी मान वर करून विचारलं, तुम्ही ह्यांच्या कोण? शेजारी, आई म्हणाली. शेजारी स्वतःहून नाव देतोय हे आज पहिल्यांदा बघतोय, असं ते पुटपुटले.

"संशय कोणावर नाही," काकू म्हणाल्या. "चावी ह्यांच्याकडे होती, आणि ती मी दिली होती. दोन्ही लिहा."

दोन्ही लिहिलं गेलं. नंतर पोलीस आले, कुलूप बघून गेले, आईला विचारलं, मलाही विचारलं, दूधवाल्याला विचारलं, सेक्रेटरी काकांना जरा जास्तच विचारलं. मिक्सर आला नाही, बांगड्या आल्या नाहीत. पण आईला जे विचारायचं ते चारचौघांसमोर मोठ्याने विचारलं गेलं आणि तिने मोठ्याने उत्तरं दिली. त्यानंतर ती जिना पूर्वीसारखा चढायला लागली. संशय नाही हे काकूंनी मनापासून म्हटलं की आई शेजारी बसली होती म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्याला कॉलम नाही.

पण मला त्या दिवसाची रिक्षा जास्त आठवते. पोलीस स्टेशनवरून येताना आम्ही तिघी मागे दाटीवाटीने बसलेल्या, काकू मध्ये. गोखिवऱ्याचा फाटा आला. मग काकूंनी पर्समधून एक नवी कोरी चावी काढली, नव्या कुलपाची, आणि आईपुढे धरली. म्हणाल्या, वहिनी, उद्या पाणी आहे.

आईने चावीकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवले.

"ड्रम बाहेर जिन्यात काढून ठेव," ती म्हणाली. "आमच्या नळाला पाइप लावून भरून ठेवते. चावी तुझी तू सांभाळ."