शाळेजवळचं घर

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे अक्कलदाढ म्हणायचे. आली उशिरा आणि आल्या दिवसापासून ठणकायला लागली, म्हणून. आम्ही कवळ्या करतो. दातांच्या दवाखान्यांतून मापं येतात, आम्ही प्लॅस्टर ओततो, गुलाबी मेणात एकेक दात बसवतो. समोरचे दात बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून तर मालकांनी तिला लहान गावातून बोलावून घेतलं. नवऱ्याचं काम विम्याचं, सगळं फोनवर. तो कुठेही बसून करू शकत होता. म्हणजे बिऱ्हाड शहरात हललं ते निव्वळ तिच्या नोकरीसाठी.

आणि घर घेतलं ते लॅबपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

घर बघितलं दिराने. तो आधीपासून त्या भागात राहायचा. ही जुन्या ठिकाणचं काम उरकत होती, तेवढ्यात दोघा भावांनी घरमालकाला शब्द देऊनही टाकला. "शाळा हाकेच्या अंतरावर आहे," नवरा म्हणाला. "पोरीचं भलं होईल." शाळेचं नाव मोठं, आवारात पोहायचा तलाव. हिने मन मारलं.

सकाळी मुलगी झोपेत असतानाच ही निघायची. दोन बस बदलून, बहुतेक वेळ उभ्यानेच, लॅबला पोचायची. आल्या आल्या स्टुलावर बसून चपला काढायची आणि सुजलेले पाय फरशीवर टेकवायची. कुणी "काय गं, बरं नाही का?" म्हटलं की अंगावर यायची. परत जाईपर्यंत मुलीचा अभ्यास, जेवण, सगळं आटोपलेलं असायचं. मुलगी तिला झोपलेलीच दिसायची.

एकदा जेवताना तिने मोबाईल माझ्यापुढे आपटला. घर शोधताना दिराने खुणा करून भावाला पाठवलेला नकाशा आत्ता तिच्या हाती लागला होता. शाळा, दवाखाना, बाजार, बाग, दिराचं स्वतःचं घर. "यात आपली लॅब शोध," ती म्हणाली. मी नकाशा इकडे सरकवला, तिकडे सरकवला. खूणच नव्हती.

"मी कुठे कामाला जाते हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही! आणि शहरात आलेत कशासाठी? हवा खायला?"

डबा तसाच राहिला.

तरीही तिने आणखी काही दिवस कळ काढली. मग शाळेत पालकांची सभा झाली. मालकांच्या हातापाया पडून ती लवकर निघाली, तरी पोचेपर्यंत सभा संपत आली होती. वर्गाच्या दारातच तिला बाईंचा आवाज ऐकू आला, "मुलीची आई कधी दिसतच नाही हो." आणि त्यावर नवरा हसून म्हणाला, "काय करणार बाई? तिला कामापुढे घर दिसत नाही."

ती आत गेलीच नाही. आल्या पावली परत फिरली.

त्या रविवारी तिने लॅबच्या मागच्या गल्लीत घर शोधलं. एका लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या. भिंती इस्त्रीच्या वाफेने गरम, जिना अरुंद. पलीकडच्या वळणावर साधी शाळा, पटांगणात नुसती धूळ. तिने कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं आणि तडक दिराचं घर गाठलं. नवरा तिथेच बसला होता.

"वहिनी, असं तिरमिरीत काही करू नका," दीर म्हणाला. "आम्ही सगळा विचार करून ते घर घेतलं होतं."

"कुणाचा विचार, भाऊजी?"

"पोरीचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"मग पोरीला आई लागते की तलाव लागतो, याचा केला होता का?"

नवऱ्याने तोंड उघडलं. "अगं, पण मला भावाचा आधार..."

"तर राहा आधाराला! मी आणि पोरगी जातोय. फोन तिकडेही लागतो. यायचं तर ये."

आठवड्याभरात ती खरंच हलली. नवरा महिनाभर ताठला, मग आला निमूटपणे. दीर अजून बोलत नाही.

आता ती दुपारी चालत घरी जाऊन जेवते. पायांची सूज उतरली. पण राग काही उतरेना. मेण तापवताना एकटीच पुटपुटायची, "कामापुढे घर दिसत नाही म्हणे." त्यात मुलगी फुगून बसलेली. जुन्या मैत्रिणी गेल्या, पोहणं गेलं. आईने वेणी घालायला हात लावला तरी झटकून टाकायची.

"हिच्यासाठी एवढं केलं आणि हीच माझ्यावर उलटते!" एके दिवशी ती ओरडली. समोरची कवळी तिने टेबलावर अशी आदळली की दोन दात उडाले.

मी कशाला बोलले कोण जाणे. "हलताना तिला विचारलं होतंस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता माझेही दोन दात जाणार. मग ती खाली वाकून फरशीवर उडालेले दात शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, "काल विचारलं तिला."

"मग?"

"म्हणाली, आता कशाला विचारतेस?"

आजवर तिला प्रत्येक रागासाठी कुणीतरी समोर सापडत होतं. या वेळी तसं कुणी नव्हतं. तिने स्टूल पुढे ओढलं, मेण तापवलं आणि पहिला दात इतका रेटून बसवला की तो वाकडाच बसला.