मंगळवारचा डबा

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं, हेच मला थोडं आगाऊपणाचं वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही आणि चार ओळी लिहिल्या की त्यातल्या दोन मला खोडाव्याशा वाटतात. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. काल क्लासमध्ये तो जुना गेम पुन्हा उघडला, म्हणून हे लिहितोय.

सांगलीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात कोपऱ्यात एक जुनं मशीन आहे. त्यावर नवे गेम चालत नाहीत, हाच एक चालतो. एक माणूस ओसाड बंगल्यात अडकलेला असतो. हातात कंदील आणि पिस्तुलात मोजक्या गोळ्या. तो लाकडाच्या ढलप्या जोडून केल्यासारखा दिसतो, नवी पोरं बघून हसतात. पण दार करकरत उघडायला लागलं की अजूनही माझा हात कीबोर्डवर घट्ट होतो. काल बघतो तर गेल्या वर्षी मी सोडला होता तिथंच तो उभा होता, तळघराच्या दाराशी, तीन गोळ्या घेऊन.

गेल्या वर्षी मला या गेमचं वेडच लागलं होतं. सरावाची वेळ साडेअकरा ते एक. नेमका त्याच वेळी पलूसकडून येणाऱ्या एसटीनं माझा डबा यायचा. आमच्याकडं गावोगावच्या पोरांचे डबे असेच येतात. ड्रायव्हरशेजारी ठेवलेले, झाकणावर नाव घातलेले. आई-अण्णा पहाटेच शेतात जायचे, म्हणून माझा डबा धाकटी बहीण करायची आणि फाट्यावर गाडीला द्यायची. त्यापायीच नववीनंतर तिची शाळा सुटली होती. घरात लिहिता येणारी आम्ही दोघंच. निरोप असला की ती चिठ्ठी लिहून चपात्यांच्या फडक्याखाली ठेवायची.

त्या मंगळवारी मी तळघराच्या दारापर्यंत पोचलो होतो.

"डबा आणायचा न्हाई का रं?" शेजारी बसलेला उंब्रजचा मित्र म्हणाला.

"थांब गड्या. आता उठलो तर मरतोय."

"तीन गोळ्यांत तसाबी मरणारच हायस. जेवून तरी मर."

मी उठलो नाही. स्टँडवरचा पेपरवाला न नेलेले डबे ठेवून घेतो, हे मला माहीत होतं. मी वडापाव खाल्ला. बुधवारी डबा येणारच नव्हता, कारण घरात डबे दोनच आणि दोन्ही सांगलीत अडकलेले, सोमवारचा रिकामा माझ्याकडं आणि मंगळवारचा स्टँडवर. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. गुरुवारीही आधी गेम, मग स्टँड.

"आलास व्हय?" पेपरवाले काका म्हणाले. "परवापास्नं सांभाळतोय. आता गिऱ्हाईक नाक धरून पेपर घ्यायला लागलंय."

"परीक्षा होती, काका."

"लय अभ्यास करतोस बाबा."

तिथंच नळावर डबा धुवायला उघडला. चपात्यांवर बुरशी आली होती. फडक्याखाली चिठ्ठी होती, भाजीच्या तेलानं पारदर्शक झालेली. 'दादा, गुरुवारी दुपारी लोणंदचे पाहुणे मला बघायला येणार हाईत. तू यायलाच पायजे. लग्नानंतर मला दहावीला बसू देतील का, एवढं विचार. अण्णा विचारणार न्हाईत आणि मी बोललेलं चालत न्हाई. तू कॉलेजात हायस, तुझं ऐकतील.'

मिळेल ती गाडी धरली. पोचलो तेव्हा पाहुणे गेले होते. अंगणात पोह्यांच्या बश्या पडल्या होत्या. सुपारी फुटली होती.

बहीण बश्या गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "मंगळवारचा डबा पोचला न्हाई व्हय?"

"न्हाई," मी म्हणालो. "गाडीतच राहिला असंल. मी आपला सहज आलो."

"मला वाटलंच. पोचला आसता तर तू आलाच आसतास."

ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आता डबा आईच करते, शेतात जायच्या आधी.

काल गेममधला तो सेव्ह मी पुसून टाकला आणि गाडी यायच्या आधीच स्टँडवर जाऊन थांबलो. डब्यात फडक्याखाली लोणंदहून आलेलं आंतर्देशीय पत्र होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून तिनं ते माझ्याकडं पाठवलं होतं, न फोडता. अक्षर बहिणीचंच. तिनं लिहिलंय, 'दादा, आईला वाचून दाखव. दहावीचं मी शेवटी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, बघायला आलो तेव्हाच कुणी बोललं असतं तर पावसाळ्यातच बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला असता, आम्ही कशाला नको म्हणू? आता यंदाची मुदत गेली. आणि मार्चमध्ये मी बाळंतपणाला येते.'