सात लाल टाके

“चेहऱ्यावर जाऊ नये, बैठक बघावी,” हे खिळेबाईंचं उठताबसता ठरलेलं वाक्य. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या आणि बोटींच्या बैठका नव्यानं मढवून देणं हा त्यांचा धंदा. सत्तावीस वर्षांत त्यांनी माणसांपेक्षा माणसांच्या खुर्च्याच जास्त ओळखल्या. फाटकी खुर्ची दुकानात आली की त्या आधी तिच्यावरून हात फिरवायच्या आणि मग मालकाचं भविष्य नव्हे, भूतकाळ सांगायच्या. एक कड दबलेली दिसली की म्हणायच्या, “हा माणूस बायकोकडे पाठ करून जेवतो.” पुढची कड झिजलेली असली की, “हा नोकरीत टिकायचा नाही, सारखा उठायच्या बेतात असतो.” गिऱ्हाईक ओशाळं हसायचं, कारण बहुतेक वेळा खरं निघायचं.

खिळेबाई हे नाव त्यांच्या तोंडामुळे पडलं. मूठभर बारीक खिळे त्या ओठांत धरायच्या. जीभ एकेक खिळा पुढे सरकवायची, हातोडीचं लोहचुंबकाचं टोक तो ओठांतून उचलायचं आणि ठक्. तोंडात खिळे असले की त्या बोलत नसत आणि खिळे संपले की थांबत नसत. शेजारच्या गाळ्यातला चावीवाला म्हणायचा, “बाई, तुमचा खिळा परवडला. तुमचा शब्द जास्त खोल जातो.”

लग्न त्यांनी केलं नाही. आई गेली तेव्हा अकरा वर्षांनी लहान असलेला भाऊ त्यांच्या पदरात आला, आणि तो पदर मग दुसऱ्या कशासाठी मोकळा झालाच नाही. त्याला सगळे धाकटा म्हणत. धाकटा मोठा झाला, तलावावरच्या नौका क्लबात बोट चालवायला लागला, त्याचं लग्न झालं, तरी तो धाकटाच राहिला.

त्या क्लबात बोटीमागे दोर धरून, पायांत दोन लांब फळ्या चढवून पाण्यावरून घसरत जायचा खेळ चाले. वॉटर स्कीइंग म्हणतात त्याला. बाई एकदा बोटीची बैठक मोजायला गेल्या आणि तासभर काठावर उभ्याच राहिल्या.

“ताई, बघतेस काय नुसती? चढ फळ्यांवर,” धाकटा म्हणाला.

बाई तेव्हा चाळिशीच्या. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धा तलाव पोटात घेतला. सहाव्या रविवारी मात्र त्या पाण्यावर उभ्या राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसण्याची सोय केलेली बाई ताठ उभी राहून निघाली. समोर भावाची बोट, हातात दोर, मागे पाण्याचं कापड टरकत चाललेलं आणि तोंडात खिळा नाही, शब्दही नाही. लोक म्हणाले, वय झालं नि खूळ लागलं. बाई म्हणाल्या, “खूळच आहे. तुमच्याकडे आहे का एखादं?” त्यानंतर आठ वर्षं त्यांचा रविवार चुकला नाही.

या खेळात बोटीत दोन माणसं लागतात. चालवणारा पुढे बघतो. दुसऱ्यानं मागे तोंड करून बसायचं आणि दोरावरच्या माणसावरून नजर हलवायची नाही. पाण्यात बसलेला माणूस तयार झाला की मान हलवतो, कारण हात दोराच्या मुठीवर असतात आणि इंजिनापुढे आवाज पोचत नाही. बघणारा ती मान पाहतो, “चल” म्हणतो, मग बोट निघते. या बघणाऱ्याची खुर्ची एका खांबावर असते. खालची कळ ओढली की ती मागे फिरते. बाईंच्या वेळी त्या खुर्चीवर भावजय बसायची.

त्या रविवारी पाण्यात असताना डाव्या फळीवरचा रबरी बूट बाईंच्या टाचेतून निसटला. एक हात मुठीवर ठेवून दुसऱ्या हातानं त्या बूट चढवायला वाकल्या. तेवढ्यात बोट निघाली. दोर ताणला, गुडघा सरळ झाला, अंग पुढे खेचलं गेलं आणि पाण्याखाली बाईंना एक ओळखीचा आवाज आला. जाड ताडपत्री उभी फाडताना येतो तो. कुणाचं काय फाटलं, असं त्यांच्या मनात आलं. मग कळलं, आपलंच.

मांडीमागचा स्नायू बुडाच्या हाडापासून सुटला होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, “हाडात बारीक खिळे बसवले आणि दोऱ्यानं स्नायू त्यांना बांधला.”

“टाका कोणता घातलात?” बाईंनी विचारलं.

डॉक्टर हसायला लागले. “का हो?”

“ताण येणाऱ्या जागी साधा टाका टिकत नाही. उलटा फिरवून घ्यावा लागतो.”

“उलटाच घेतलाय, बाई.”

“मग राहील,” असं म्हणून बाईंनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी धाकटा उशाशी आला. मागे भावजय उभी होती. तो खाली बघत म्हणाला, “ताई, तू मान हलवलीस. हिनं पाहिली, चल म्हणाली, म्हणून मी काढली बोट.”

बाई आठवू लागल्या. बूट आठवला, टाच आठवली. मान आठवेना. आपली मान आपल्याला कुठे दिसते? वाकताना हललीच असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी भावजयीचा हात ओढून घेतला. “तुझी चूक नाही गं. मी वाकले, तुला ती मान वाटली. कुणालाही वाटली असती.”

“वन्सं...” एवढंच म्हणून भावजय अशी रडली, अशी रडली की नर्सनं येऊन दटावलं, “पेशंट कोण आहे नक्की?”

तिसऱ्या आठवड्यात क्लबाची तीन माणसं कागद घेऊन घरी आली. चूक बोटीची ठरली तर धाकट्याचा परवाना जाणार होता. बाईंनी भिंतीला टेकून उभ्या उभ्या सही केली, कारण बसता येत नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, इशारा मीच केला, चूक माझी.

मग बरं होण्याचे दिवस आले, आणि ते पळण्याच्या दिवसांपेक्षा लांब असतात. दोन महिने कुबड्या, कमरेपासून पोटरीपर्यंत पट्टा. झोपायचं ते कुशीवर, जेवायचं ते खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून, उभ्यानं. व्यायाम शिकवणारी मुलगी एक दिवसाआड यायची.

“काकू, टाच मागे घ्या. हळूच.”

“पोरी, घेते आहे.”

“अजून हललीच नाहीये.”

“मग ती तुझं ऐकत नसेल. माझं तर ऐकतच नाही.”

पहिल्यांदा टाच चार बोटं उचलली गेली, त्या दिवशी बाई घामानं भिजल्या आणि घरात कुणी नाही हे बघून थोड्या रडल्या. चौथ्या महिन्यात काठी घेऊन दुकानात येऊ लागल्या. शिलाई मशीन उंच फळीवर चढवून उभ्यानं काम करू लागल्या. गावानं तोंडसुख घेतलंच. हौसेला मोल नसतं म्हणे, आता फेडा. बाई उलट बोलत नसत, कारण त्यांनाही ते पटलेलं होतं. “पायाचं दुखणं मानेनं आणलं माझ्या,” म्हणत त्या आपल्याच मानेवर हलकेच चापट मारत.

चावीवाला कळवळायचा, पण त्याला कळवळता येत नसे, म्हणून तो टोमणा मारायचा. “सगळ्या गावाला बसवलंत बाई, आणि आता तुम्हालाच बसायला जागा नाही.”

“तुझ्याकडे किल्ली आहे का त्याची?”

“असती तर फुकट दिली असती.”

पाचवा महिना संपत आला होता. एका दुपारी धाकटा बोटीतली ती बघणाऱ्याची खुर्ची घेऊन दुकानात आला. अपघातापासून ती बोट झाकून ठेवली होती आणि खुर्चीवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते.

“ताई, ही घे. सोमवारपासून शाळेची मुलं येणारेत शिकायला. तुझ्या हातचं कव्हर हवं. काम असलं की तुझंही मन रमेल.”

बाईंना भरून आलं. आठवण ठेवली पोरानं, असं वाटलं. त्यांनी नेहमीसारखे ओठांत खिळे धरले, खुर्ची टेबलावर उलटी केली आणि खालच्या बाजूवर हात फिरवला. हात थांबला.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी हीच खुर्ची त्यांनी नवी मढवून धाकट्याच्या हाती दिली होती. खालच्या कळीवर कापडाची झडप असते. नेताना ती लोंबू नये म्हणून बाईंनी ती कच्च्या टाक्यांनी बंद केली होती. कच्चा टाका त्या नेहमी लाल दोऱ्यानं घालायच्या, म्हणजे काढायचा राहिला तर डोळ्यांत खुपावा. धाकट्याला बजावलंही होतं, “हे टाके काप, मगच कळ हाती लागेल.”

टाके जागच्या जागी होते. ओलाव्यानं गुलाबी पडलेले, पण सातच्या सात. शेवटची दुहेरी गाठसुद्धा तशीच. बाईंनी मोजले, पुन्हा मोजले.

झडप उघडली नव्हती. म्हणजे कळ ओढली नव्हती. म्हणजे खुर्ची मागे फिरली नव्हती. त्या रविवारी मागे कुणीच बघत नव्हतं. बाईंची मान हलली की नाही हे या जगात कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि पाच महिने त्या तिला चापट्या मारत होत्या.

त्यांनी तोंडातले खिळे एकेक करून काढून टेबलावर ठेवले. धाकटा स्टुलावर बसून चहा पीत होता.

“धाकट्या, त्या दिवशी ही कुठे बसली होती?”

“कोण?”

“तुझी बायको.”

“कुठे म्हणजे? खुर्चीवर.”

“खुर्चीचं तोंड कुठे होतं?”

“मागे. नेहमीसारखं.”

“इकडे ये. हे टाके बघ. कापल्याशिवाय खुर्ची मागे कशी फिरवलीस, मला शिकव. सत्तावीस वर्षांत मला नाही जमलं.”

धाकट्यानं पाहिलं. कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी दिवा फोडल्यावर यायचं तेच आलं, फक्त आता त्याला दाढी होती.

“थंडी होती, ताई. ती माझ्या शेजारी, पुढे तोंड करून, काचेआड बसली होती. दोर ताणलेला वाटला. म्हटलं, तू तयार असशील. आठ वर्षं काय झालं नव्हतं...”

“ते झालं. चुकलास. माणूस चुकतो. पण मान?”

धाकट्यानं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

“मान कुणी काढली? माझ्याच धडावरची मान कापून माझ्याच हातात दिलीस, आणि मी ती घेतली. तुझ्या बायकोचे डोळे पुसले मी!”

“परवाना गेला असता, ताई.”

“अरे, मग मला मागायचंस! ताई, माझ्यासाठी खोटं बोल, एवढं म्हणायचंस. डोळे मिटून बोलले असते. तुझ्यासाठी काय बोलले नाही मी आजवर? पण तू मलाच खोटं पाजलंस. दवाखान्यात, औषधासारखं. आणि मी बरी झाले म्हणून खूश होतास.”

“चूक झाली.”

“क्लबात जाऊन सांग.”

“ताई!”

“सोमवारी पोरं येणारेत ना? तुझं आठ वर्षं काय झालं नव्हतं हे त्यांच्या आयांना कोण सांगणार? जा आणि सांग, मागे बघायला कुणी नव्हतं.”

“ताई, पोटावर पाय देऊ नकोस.”

“कोणता देऊ? एकच धड आहे.”

ते बोलून गेल्यावर दोघांनाही हसू आलं नाही. धाकट्यानं डोळे पुसले. “सोमवारपासून नक्की बसवतो कुणाला तरी. शपथ. उद्या बघू, ताई. उद्या बोलतो मी त्यांच्याशी.”

बाईंना हा उद्या माहीत होता. गृहपाठाचा उद्या, फीच्या पावतीचा उद्या. त्या प्रत्येक उद्याला त्यांनी आजवर पांघरूण घातलं होतं, शिवून घातलं होतं. आता पाठीशी उभं राहायला त्यांना कुणी नव्हतं. होता तो एकच, आणि तो समोर बसून रडत होता.

त्यांनी काही न बोलता खुर्चीचं कापड कडेकडेनं उसवलं. झडपेला मात्र कात्री लावली नाही. सातही टाक्यांसकट ते कापड घडी करून पिशवीत घातलं, काठी घेतली आणि दाराशी आल्या.

“कुठे निघालीस? ताई, क्लब लांब आहे. तुला झेपायचं नाही. थांब, निदान स्कूटरवर सोडतो. मागे बस.”

“मला बसता येत नाही,” बाई म्हणाल्या आणि पायरी उतरल्या. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा.

धाकटा बाहेर आला नाही. तो स्टुलावर दोन्ही हातांत डोकं धरून बसून राहिला.

पाहिलं ते चावीवाल्यानं. त्यानं मशीन बंद केलं, अर्धी कापलेली किल्ली तशीच हातात धरून तो गाळ्याच्या दारात आला आणि एखादा टोमणा जिभेवर येतो का याची वाट पाहत उभा राहिला. आला नाही. बाई औषधाच्या दुकानापर्यंत पोचल्या. अपघातानंतर त्यांची मजल तिथवरच होती. तिथे त्या थांबल्या, काठीवर भार टाकून दोन श्वास घेतले आणि तलावाच्या उतारावर वळल्या.