आत्या चौथ्या लेव्हलला का गेली नाही

मागच्या आठवड्यात मी इथं लिहिलं होतं की आत्यानं माझ्या गेमचा दुसरा भाग पूर्ण खेळला आणि तिला तो फार आवडला. ते बरोबर नाही. ती तिसऱ्या लेव्हलला थांबली होती आणि "बरं हाय" एवढंच म्हणाली होती... बाकीचं मी माझ्या मनानं जोडलं. तुम्ही अभिनंदन करत गेलात आणि मला ते टोचत राहिलं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी जालन्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात मोबाइलसाठी एक छोटा ॲक्शन गेम बनवलाय. ज्वारीच्या शेतात मचाणावर उभी मुलगी, तिच्या हातात गोफण, आणि चारी बाजूंनी येणारी पाखरं. बोटानं गोफण फिरवायची, नेमक्या वेळी बोट उचलायचं. पाखरू मरत नाही, नुसतं उडून जातं... ही आत्याची अट होती.

दुसऱ्या भागावर मी आठ महिने घातले. मुलीच्या कमरेला उडायचा पट्टा आणला, नवी शस्त्रं आणली, एक अवाढव्य गिधाड आणलं. पहिल्या भागात नेम अवघड जातो अशी खेळणाऱ्यांची तक्रार होती, म्हणून दगड आपोआप लागेल अशी सोय केली. माझ्या आवडत्या तलवारबाजीच्या गेमनं तिसऱ्या भागात असंच सगळं बदललं होतं, तेव्हा मी दोन दिवस चिडून होते... स्वतःच्या वेळी ते आठवलंच नाही.

येत्या शुक्रवारी गेम सगळ्यांसाठी टाकणार, असंही मी जाहीर करून बसले होते. तरी राहवेना. परवा रविवारी टेंभुर्णीला आत्याकडे गेले आणि म्हटलं, खरं सांग.

"सगळं चांगलं हाय माय," ती म्हणाली. "पण दगड आपोआपच लागून राह्यला. मंग मी काय करू, बसून पाहू?"

तिचं मत मला एवढं का लागतं तेही सांगते. शाळेची भीती वाटायची म्हणून तिसरीपर्यंत मी घरीच शिकले, आणि शिकवलं आत्यानं. एक अक्षर नीट बसल्याशिवाय ती पुढचं देत नसे. 'ळ' मी चार दिवस गिरवला होता... पाचव्या दिवशी 'क्ष' मिळाला तेव्हा बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

आत्या आत गेली आणि माळ्यावरची जुनी गोफण घेऊन आली. लहानपणी ती खरोखर पाखरं राखायला जायची. "तुझी गोफण एकसारखी फिरते. खरी तशी फिरत न्हाई. पहिला फेरा जड, दुसरा हलका, तिसऱ्याला सोडायचं." आणि तिनं सोडलं.

दगड शेजारच्या काकांच्या गोठ्याच्या पत्र्यावर. मोठ्ठा आवाज झाला.

"कोण हाय तिकडं?"

"कुणी न्हाई भाऊ, पोरीचं कॉम्प्युटरचं काम चालू हाय."

"मंग कॉम्प्युटरचं तोंड जरा तिकडं करा म्हणावं. म्हैस बुजली."

मग मीही फिरवून पाहिली. माझा पहिला दगड मागं गेला, दुसरा पायाशी पडला. तिसऱ्या वेळी आत्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभी राहिली... पण तो जड फेरा आणि हलका फेरा हाताला कळला. दोन्ही भागांत मिळून मी त्या फिरण्याला एकदाही हात लावला नव्हता. 'ळ' कच्चा ठेवून मी 'क्ष'च्या मागं धावले होते.

आत्या जुन्यालाच धरून बसली असंही नाही. एक नवी गोष्ट तिनं स्वतः मागितली. "ती पोरगी मचाणावरून उतरत कशी न्हाई? पाखरं पलीकडच्या बांधाला बसली की चालत जावं लागतं." मला हे आठ महिन्यांत सुचलं नाही.

म्हणून पट्टा जाणार, शस्त्रं जाणार, आपोआप लागणारा दगड जाणार. गिधाडही जाणार, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतंय... नुसत्या त्याच्या पंखांना एक महिना गेला होता. राहील ती गोफण, नीट गिरवलेली, आणि मचाणाची शिडी.

शुक्रवारी गेम येणार नाही. वाट पाहणाऱ्यांची माफी मागते. पहिल्यांदा तो आत्याच्या अंगणात, आत्याच्या हातात जाईल. ती जिथं थांबेल ती लेव्हल या वेळी मी इथं जशीच्या तशी लिहीन, आणि चौथीला गेली तर त्याच दुपारी गेम तुमच्याकडे. दिवस ठरलाय... पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार.