दुधनीच्या वाटेवरची लाल काच

निघताना मम्मीने नव्या पिकअपच्या पुढच्या काचेवर तेलात कालवलेल्या कुंकवाने तळहाताएवढे स्वस्तिक काढले आणि बजावले, "पुसायचं नाही हं. आपोआप गेलं तर गेलं." डॅशबोर्डच्या स्क्रीनवरचे प्लॅस्टिकही काढायचे नव्हते. आमच्या फ्रिजच्या दारावर ते अजून आहे, आणि फ्रिज माझ्या दहावीच्या वेळचा.

पप्पांचे पाण्याच्या मोटारींचे दुकान आहे. दुधनीच्या एका दुकानदाराकडे दोन मोटारी पोचवायच्या होत्या. "आज नीट जाऊन ये, मग डिलिव्हरी तुझ्याकडे," असे पप्पांनी कबूल केले होते. नाहीतर किल्ली माझ्या चुलतभावाकडे, संदीपदादाकडे जाणार आणि मी परत काउंटरवर, दिवसभर अनोळखी माणसांशी बोलत. गाडीत कोणाशी बोलावे लागत नाही, असा माझा समज होता.

कुंभारीच्या पुढे ऊन समोरून आले, कुंकवाचे तेल ओघळले आणि वायपर स्वतःहून फिरू लागले. थेंब पडला की आपोआप चालू होणारे वायपर. त्यांना स्वस्तिकच पाऊस वाटले. मी बंद करेपर्यंत काचभर लाल, तेलकट साय पसरली. फवारा मारायला गेले तर त्याची टाकी कोरडी. शेजारून ट्रॅक्टरवाला ओरडला, "अगं बाई, पाऊस कुटं पडायलाय?"

तेवढ्यात स्क्रीनने, कोणी हात न लावता, रेडिओ मोठा केला, नकाशा घालवला आणि पप्पांना फोन लावला.

"काय झालं?" पप्पांचा आवाज चारही दारांतून आला.

"काही नाही. चुकून लागला."

फोनवर पप्पांच्या मागून संदीपदादा हसला. "अडकली वाटतं! येऊ का घ्यायला?"

"नको."

फोन बंद करायला बटण दाबले, तर स्टेशन बदलले. त्या दोघांनी माझ्याबरोबर अर्धे भजन ऐकले. दोन्हीकडच्या तुरीच्या शेतांकडे बघायचे सोडून मी एका यंत्राशी भांडत होते, आणि पुढचे काही धड दिसत नव्हते. अजून एकदा फोन लागला. मग मात्र वळसंगला एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली.

"बर्री, कूड्री (या, बसा)," टपरीवाल्या मावशी म्हणाल्या आणि काच बघून दचकल्या. "काय गं, कुणाला ठोकून आलीस का काय?"

"कुंकू आहे. मम्मीने स्वस्तिक काढलं होतं."

"मग धू की."

"पुसायचं नाही म्हणाली."

"आई म्हणली स्वस्तिक पुसू नको. हितं स्वस्तिक हाय कुटं? नुस्तं तेल हाय!" त्यांनी भांड्यांचा साबण आणि पाण्याची बादली पुढे सरकवली. "देवाला रस्ता दिसतोय. तुला दिसाय नगं?"

मी काच घासायला लागले. साबणाचे लाल पाणी बॉनेटवरून ओघळताना मम्मीचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे येत होता. काच स्वच्छ करून आत बसले, तेव्हा उजेडात स्क्रीन नीट दिसली. प्लॅस्टिक उन्हाने फुगले होते, आणि फुगवटा नेमका फोनच्या चित्रावर टेकला होता. मी प्लॅस्टिकचे टोक धरले. एक धर्म तर मोडलाच होता. सर्रकन ओढले.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथेच खाल्ली. मावशींनी दही दिले. मग मी स्वतः बटण दाबले.

"पप्पा, आता मीच लावलाय फोन. काच धुतली. पुढे निघते."

"दादाला पाठवू?"

"नको."

पुढे अक्कलकोट, मग दुधनी. दुकानदार माझ्या मागे डोकावत म्हणाला, "ड्रायव्हर कुटं हाय?"

"मीच," मी म्हणाले. एका दिवसात अनोळखी माणसांशी एवढे बोलणे मला पुरे होते. मोटारी उतरवून देऊन मी निघाले.

परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा समोर होता, पण रस्ता दिसत होता. गाडी जेव्हा स्वतःच्या मनाने चालत नाही, तेव्हा ज्वारीची शेतेही दिसतात.

दारात संदीपदादाने हात पुढे केला. "आण किल्ली, आत लावतो."

"मी लावते," म्हणून मी गाडी उलटी घेऊन फाटकातून आत लावली. पप्पा बघत होते. किल्ली त्यांनी मागितली नाही.

मम्मी मात्र काचेपाशी बराच वेळ उभी राहिली. मला वाटले, आता ऐकावे लागणार. ती आत गेली आणि कुंकवाची वाटी घेऊन आली. बोट तेलात बुडवून ती थांबली.

"कुठं काढू?" तिने मला विचारले.

मी बॉनेटवर हात ठेवला.