बाळंतिणीची मुशी

२०१९ च्या फेब्रुवारीत चिखल्याहून तलासरीला निघाले, तेव्हा माझ्या हातात एक रिकामी टोपली होती. ती तलासरीकडच्या रमीबायची, आजीच्या जुन्या मैत्रिणीची. आजीला जाऊन वीस दिवस झाले होते आणि रमीबायला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"फोन नाय तिच्याकडं. त्या पाड्यावर तूच जा," बाबा म्हणाले. "लहानपणी गेलीस ना आजीबरोबर?"

गेले होते, दोनदा. त्यानंतर कॉलेज, मग नाशिकची नोकरी. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. दहावीनंतर डहाणूच्या कॉलेजात नाव घालायला आजीच आली होती, डोक्यावरची पाटी दाराबाहेर उतरवून. "तू शीक, म्हावरं (मासळी) सुकवायला आम्ही हाव," ती म्हणाली होती. मी मनापासून शिकले. तेवढ्याच मनापासून वर्गात जायच्या आधी हात लिंबाने घासले, वास जावा म्हणून.

रिक्षाने डहाणूला आले. समुद्राकडच्या बाजूला सुरूची झाडं मागे पळत होती आणि वीज केंद्राची उंच चिमणी शेवटपर्यंत दिसत राहिली. तलासरीच्या एसटीत शेजारी एक बाई बसली. तिच्या मांडीवर भाजीची पिशवी होती. तिने टोपलीत डोकावून पाहिलं.

"रिकामी घेऊन चाललीस? तलासरीला भरून देतात काय?"

मागची म्हातारी हसली. "देतील गं, दगड भरून. जमीन हलून हलून तेवढेच वर आलेत."

त्या थंडीत तो भाग भूकंपाने सारखा हादरत होता. बसमध्ये लोक धक्क्यांबद्दल पावसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. चिकूच्या वाड्या संपल्या, ताडाची झाडं आणि कापलेली भातशेतं लागली. हायवेवर गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. आजी झोपेतच गेली, त्रास झाला नाही, तुमची आठवण काढायची.

तलासरीहून शेअर रिक्षाने पाड्यावर पोचले. घरं उभी होती, पण माणसं बाहेर. प्रत्येक अंगणात बांबूंवर निळं नाहीतर पिवळं प्लास्टिक ताणलेलं. चूलही बाहेर, भांडीही बाहेर. रमीबायच्या अंगणातल्या प्लास्टिकखाली खाटेवर एक तरुण बाई बाळाला घेऊन पडली होती. रमीबाय शेजारी गोणपाटावर बसलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"कोण गं?"

"रमीआजी, मी चिखल्याची. गंगाबायची नात."

"आली! सुमन, मी बोललो नव्हतो? पोर नऊ दिवसांचं झालं, आता येईलच ती." तिने हात पुढे केले. "कुठं हाय ती? मागं चालतेय?"

मी टोपली तिच्या हातात दिली. तेवढंच सुचलं. तिने आत हात घातला, तळ चाचपला, कडेने बोटं फिरवली. पुन्हा तळाशी नेली.

त्या टोपलीचा नेम मला ठाऊक होता. चिखल्याहून ती सुक्या मासळीने भरून यायची, पाड्यावरून नागलीने (नाचणीने) भरून जायची. चाळीस वर्षांत ती कधी रिकामी गेली-आली नव्हती. हे मला ठाऊक होतं, तरी सकाळी ती उचलताना डोक्यात आलं नाही.

"कधी?" रमीबायने विचारलं.

"वीस दिवस झाले."

माझ्या जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही लागलं नाही. रमीबाय टोपली पोटाशी धरून बसून राहिली. खाली जमीन बारीक गुरगुरली, भांडी वाजली. सुमनने बाळावर हात ठेवला. कोणी उठलं नाही.

मग ती बोलायला लागली. महालक्ष्मीच्या यात्रेत त्यांची ओळख झाली. रमीबायच्या कडेवर पहिलं पोर होतं, अंगावर दूध नव्हतं. आजी तिथे सुकी मासळी विकत बसली होती. तिने वाळवलेली मुशी (शार्कची लहान जात, बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात) पदरात घातली. "मी दाणे द्यायला गेलो तर हात जोडले तिनं. बोलली, देवीच्या दारात बाळंतिणीकडून घेऊ काय? तेव्हापासून या पाड्यावर कुणाचं पोर झालं की ही मुशी घेऊन हजर. उन्हात पाय भाजून. कधी विकली नाय."

मग सुनेकडे, सुमनकडे मान वळवून म्हणाली, "हिच्यासाठी पण ठेवली होती. दिवाळीनंतर आली तेव्हा बोलली, मुशी सुकवून आढ्याला बांधलीय, पोर झालं की आणते."

बाळ रडत होतं. सुमन त्याला छातीशी घेई, ते ओढून ओढून तोंड काढून घेई.

आढ्याला बांधलेलं ते गाठोडं मी पाहिलं होतं. तेरावं झाल्यावर घर साफ करताना मीच काढलं. आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, उग्र वासाचं. आई आजारी पडून होती, तिला विचारलंसुद्धा नाही. खाडीवर नेऊन फेकलं आणि हात साबणाने दोनदा धुतले.

"रमीआजी, ती मी टाकली. मला माहीत नव्हतं."

"वास येत होता?"

"हो."

"येणारच," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

टोपली तिने माझ्याकडे सरकवली. रिकामीच. मी तशीच घेऊन परत आले.

रजा आठवडाभर वाढवली. बाबांनी दुसऱ्या दिवशी पहाटे तीन मुश्या आणल्या. आता आमच्याकडे कोणी सुकवत नाही, मासळी ओलीच व्यापाऱ्याला जाते. वलांडी (मासे सुकवायचा बांबूंचा मांडव) मोडून पडली होती. बाबांनी दोन बांबू उभे केले. आईने अंथरुणावरून सांगितलं: पोट साफ कर, लांब पट्ट्या काढ, मीठ चोळ, कावळ्यांवर नजर ठेव. चार दिवस मी पट्ट्या उलटत उन्हात बसले. आजी हे पन्नास वर्षं करत होती. दिवा लावायची, पाया पडायची, आणि मग इथे येऊन बसायची. तिला मी कधी विचारलं नाही, ही मुशी कोणासाठी म्हणून.

पाचव्या दिवशी पुन्हा तीच एसटी. या वेळी शेजारची सीट तलासरीपर्यंत रिकामी राहिली.

रमीबायने एक पट्टी उचलली, वाकवून पाहिली, कोपरा तोडून चघळला.

"मीठ जास्त पडलं. ती कमी घालायची." मग उरलेला तुकडाही तोंडात टाकून म्हणाली, "सुकली बरी हाय."

सुमनने चूल पेटवली. निघताना रमीबायने घरात जायचा हट्ट धरला. सगळे नको म्हणत असताना भिंतीला धरून आत गेली आणि नागली घेऊन आली. टोपली काठोकाठ भरली.

"हिच्या पुढच्या पोराला कोण आणेल?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"मी आणेन."

तिने वरची नागली तळव्याने सारखी केली. मग टोपली माझ्या हातात दिली.

सुमनला दूध उतरलं की नाही, मला ठाऊक नाही. नाशिकला परतण्याआधी नागली आईकडे ठेवली, आणि टोपली आढ्याला, गाठोडं होतं त्याच खिळ्यावर. घरात आता आजीचं तसं काही उरलेलं नाही. लुगडंही मी गाठोड्याबरोबरच फेकलं होतं. तिच्याकडून शिकायचं राहून गेलेलं एवढंच हाताशी आलं आहे: पुढच्या वेळी मीठ कमी घालायचं.