वर सरकवलेलं शून्य

पाक कासमुरींच्या, म्हणजे आमच्या कासमुरीकाकांच्या, घरात शिरताना मान खाली घालावी लागते, पण ती अदबीने नव्हे. सेमारांग शहराच्या आमच्या या किनाऱ्याकडच्या वस्तीत सगळीच दारं बुटकी आहेत. भरतीचं पाणी, आम्ही त्याला रोब म्हणतो, कोरड्या दिवसांतही घरात शिरतं. मग भराव टाकून फरशी उचलायची. छप्पर उचलणं कुणालाच परवडत नाही, म्हणून माणसं वाकतात. फरशीबरोबर बाकी सगळंही वर जातं: विजेची बटणं, आरसा, सासऱ्यांचा फोटो.

कासमुरी कालव्यावरच्या पंपघराचे राखणदार. भिंतीवर एक मोजपट्टी ठोकलेली आहे, तिचं शून्य पंपघराच्या फरशीला. पाणी त्या शून्याच्या वर किती, खाली किती, हे दिवसातून तीनदा बघून वहीत लिहायचं. एकवीस वर्षांत त्यांनी एकही वेळ चुकवली नाही. माझी कॉफीची टपरी अगदी समोर आहे, म्हणून खात्रीने सांगते. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा हा माणूस पाहुण्यांना ताटकळत ठेवून पाणी बघायला आला होता.

सोमवारी सकाळी शहराच्या नियोजन कचेरीतली मबाक पालुपी, आमच्या बोलीत पालुपीताई, आली. तरुण, हुशार मुलगी, चेहरा खुललेला. कालव्याला भिंत मंजूर होणार होती. तिने कासमुरींच्या सगळ्या वह्या संगणकात उतरवल्या होत्या आणि भिंतीची उंची त्यावरूनच ठरली होती. बारा वर्षांपूर्वी पाणी फरशीच्या वर एकेचाळीस सेंटीमीटर चढलं होतं, नवा पंप बसला आणि त्याच आठवड्यात आकडे अर्ध्या मीटरने उतरले. गेल्या जानेवारीतलं मोठं पाणी फक्त तेवीस. पंपघराच्या जुन्या नकाशात दाखवलेल्या फरशीपासून साठ सेंटीमीटरची भिंत भरपूर होईल, दुसऱ्या दिवशी नऊच्या बैठकीत शिक्का बसेल. अशी वही साऱ्या शहरात नाही, असंही ती म्हणाली.

मला वाटलं, म्हातारा आता सुखावेल. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. ती गेल्यावर ते माझ्या टपरीशी आले, बसले, उठले, पुन्हा बसले. कॉफी तशीच राहिली.

"पंपाने पाणी नाही उतरवलं गं," ते म्हणाले. "मीच पट्टी चढवली."

पंप आला त्याच आठवड्यात पंपघराची फरशीही उचलली होती. पट्टीचा खालचा भाग भरावात जाईल म्हणून यांनी ती खिळे काढून उपटली आणि नव्या फरशीला शून्य लावून ठोकली. आम्ही घरात सगळंच वर घेतो, तशी तीही घेतली. वहीत एक ओळ लिहायचं सुचलं नाही.

मी चिडले. एकवीस वर्षं वेळ पाळली आणि नेमकं हेच लिहायचं राहिलं, असं तोंडावर बोलले. माझी टपरी त्याच काठावर आहे, घर तिच्या मागे. फरशी किती उचलली होती, विचारलं तर त्यांना आठवेना. ठेकेदार केव्हाच वारला. पंपघराची फरशी फोडता येत नाही, तिच्यावर पंप आहे. आकड्याशिवाय नुसतं "वही चुकली" म्हणून सांगावं, तर बैठक भिंतच बाजूला ठेवेल आणि पैसे दुसऱ्या वस्तीला जातील. गप्प बसावं, तर कमी पडणारी भिंत उभी राहील. दोन महिन्यांवर निवृत्ती, आणि लोक म्हणणार, जन्मभर खोटं लिहिलं. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, गप्पच बसावं.

अकराच्या सुमारास त्यांना आठवलं. उरलेल्या भरावात त्यांनी स्वतःचं घरही उचललं होतं, आणि गवंड्याने पाणी भरलेल्या नळीने पातळी बघून दोन्ही फरश्या एका पातळीला आणल्या होत्या. आधीही त्या एकाच पातळीला होत्या. म्हणजे हवा तो आकडा त्यांच्याच घराखाली होता. फक्त वर त्यांच्या बायकोच्या, रुबियाच्या, नव्याकोऱ्या फरश्या होत्या. गेल्या ईदला बसवलेल्या, मलईच्या रंगाच्या. तिला सांगायची हिंमत त्यांना होईना, म्हणून मी सांगितलं.

रुबियाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने पलंग ओढून बाजूला केला.

"इथे फोडा," ती म्हणाली. "आणि पहार नीट धरा, बाजूची फरशी फुटायला नको."

निरोप मिळताच पालुपी परत आली. फरशी फुटली, सिमेंट फुटलं, मग राडारोडा. दीड तासाने तळाशी जुनी लाल फरशी लागली, ओलीचिंब. पालुपीने मोजफीत लावली. बावन्न. तिने पुन्हा मोजलं. बावन्नच.

मग तिने त्या लाल फरशीपासून साठ सेंटीमीटर मोजून भिंतीवर खडूची रेघ मारली. ती आताच्या फरशीच्या जेमतेम चार बोटं वर आली. जानेवारीच्या पाण्याचा चिखलाचा डाग त्याच भिंतीवर होता, रेघेच्या चांगला पंधरा सेंटीमीटर वर.

"ही भिंत?" रुबिया म्हणाली. "ही तर माझी कोंबडीसुद्धा ओलांडते."

पालुपी दोन्ही खुणांकडे बघत खाली बसली. उद्या बैठकीत विचारतील, शून्य कुणी हलवलं, ती हळूच म्हणाली. कासमुरींनी तिच्या हातून बावन्नचा आकडा टिपलेला कागद घेतला, खाली 'पट्टी मी चढवली' असं लिहून आपलं नाव पुरतं लिहिलं, तारीख घातली. बैठक ऐकेल की नाही, हे तिलाही सांगता येईना.

चार वाजता भरती लागली. खड्ड्यात पाणी हळूहळू वर येऊ लागलं. कासमुरींनी सवयीने वही उघडली, पेन टेकवलं आणि तसेच थांबले.

"आता कुठून मोजू?" त्यांनी विचारलं.

रुबियाने कंदील लावायची काठी आणली आणि खड्ड्यात सोडली, लाल फरशीला टेकेपर्यंत.

"इथून," ती म्हणाली.